पट्टा सोडून सगळं

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. थोर माणसं लिहितात. शिवाय आज गाडीची पहिली पूजा झाली, म्हणजे मुहूर्तही चांगला.

गाडी घटस्थापनेला घरी आली. लाल. टू-सीटर. आमच्या कंपनीचे जुने डायरेक्टर मुलाकडे कायमचे परदेशी गेले, त्यांच्याकडून घेतली. मोशीत आमच्या सोसायटीत अशी दुसरी नाही. स्पीडब्रेकरवर पोट घासतं, पण स्पोर्ट्स कारचं घासायचंच.

सकाळी चाकणला कंपनीत पूजा. कटिंग मशीनपासून चहाच्या मशीनपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार. लोक कुंकवाचं बोट टेकवतात आणि पेढ्यांकडे पळतात. ही काय पूजा झाली? हे तर माल न बघता पास करणं. मी क्वालिटीचा सिनियर मॅनेजर. घरी आल्यावर पूजा कशी असते ते दाखवून दिलं. बॉनेट उघडून थेट इंजिनची केली. प्रत्येक पार्टला हळद-कुंकू. जे जे फिरतं त्या सगळ्याला साजूक तुपाचं बोट, म्हणजे ते सुरळीत फिरावं. पट्ट्याला जरा सढळ हाताने, कारण तो सगळ्यात जास्त फिरतो. नारळ इंजिनजवळच फोडला. पाणी चहूकडे उडालं. फार प्रसन्न वाटलं. कस्तुरा म्हणाली, तुपाचा डबा आधी आत आणून द्या. बायकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

गाडी का घेतली हे कस्तुराला ‘हौस’ एवढंच सांगितलंय. खरं कारण इथे लिहितो, कारण इथे वाचणारं कुणी नाही. आमच्या योगिनीचं लग्न तीस नोव्हेंबरला, राजगुरुनगरला, मुलाकडच्या गावी. वऱ्हाड बसने जाईल. योगिनी आणि मी या गाडीने. वाटेत चाकणचा ट्रॅफिक, म्हणजे भरपूर वेळ. सीट दोनच. मावशी नाही, आत्या नाही, करवली नाही. घरात आम्ही बापलेक एकमेकांशी कस्तुरामार्फतच बोलतो. ‘पप्पांना विचार’, ‘तिला सांग’. सवयच तशी पडली. त्या दिवशी मात्र डायरेक्ट. अजेंडा तयार आहे.

मुद्दा १: तुझा मला फार अभिमान आहे.
मुद्दा २: सासरी कधी काही खटकलं तर सरळ निघून घरी ये. कारण विचारणार नाही.
मुद्दा ३: नंतर ठरवणे.

मुद्दा दोन सगळ्यात महत्त्वाचा. तो घरात बोलता येत नाही. रडू येईल. (तिला.)

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सकाळ.

गाडी चालू केली. किंचाळली.

म्हणजे सुरुवातीला वाटलं शेजारच्या विंगमध्ये कुणाचं तरी बोट दारात सापडलं. मग कळलं, आपलीच. बॉनेटखालून. चीं… करून एकसारखा आवाज. थोड्या वेळाने बारीक झाला. एसी लावला, पुन्हा मोठा.

आबाजी धावत खाली आले. ज्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी आहे ते हे आबाजी. अजून सगळं स्वतःचंच रान समजून फिरतात. म्हणाले, आरं ज्योतीराम, कुनाचं डुक्कर धरलंय म्हनून आलो, तर तुजी गाडी व्हय! मग आपट्याचं पान हातात दिलं आणि सोन्यासारखं राहा म्हणाले. मी हसलो. मनात राग आला.

संकल्प: हा आवाज मी स्वतः शोधून काढणार. गॅरेजला नेणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.

कामाची पद्धत असते. आधी प्रॉब्लेम स्टेटमेंट. लिहिलं: ‘गाडी आवाज करते.’ वाचून समाधान वाटलं. अर्धं काम झालं.

कस्तुराचं मत (विचारलं नव्हतं): पट्टा घसरतोय, बदला आणि मोकळे व्हा. हे कशावरून? तर उमरग्याला तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, गिरणीचा पट्टा असाच ओरडायचा. आता पिठाची गिरणी कुठे आणि हे इंजिन कुठे! मी शांतपणे समजावलं की मी सत्तावीस वर्षं ऑटोमोबाइलमध्ये आहे. ती म्हणाली, तुमची कंपनी गाडीतली पायपुसणी बनवते. पायपुसणी नाही, फ्लोअर मॅट. कितीदा सांगायचं?

मग तिने तुपाचा विषय काढला. विषयांतर करू नको म्हटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार. दुपार.

आज व्हाय-व्हाय ॲनॅलिसिस. म्हणजे पाचदा ‘का’ विचारायचं, पाचव्या ‘का’ला मूळ कारण हाती लागतं. आमच्या कंपनीत यावर ट्रेनिंग मीच देतो. पत्रिकेचे रद्द झालेले नमुने पडले होते, त्यांच्या मागे लिहायला घेतलं.

आवाज का येतो? काहीतरी घसरतं.
का घसरतं? पृष्ठभाग बुळबुळीत झाला असावा.
का झाला? कुणीतरी काहीतरी लावलं असेल.
कुणी लावलं?

इथे चहा आला. चहानंतर पुन्हा बसलो, पण लय तुटली. चार का झाले हेही काही कमी नाही. बहुतेक लोक दोनवर थांबतात.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळ.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन निरीक्षण, नियमाप्रमाणे गळ्यात कंपनीचं आयडी कार्ड घालून. कस्तुराच्या बीपी मशीनचा स्टेथोस्कोप घेतला. चालू इंजिनला एकेका ठिकाणी लावून ऐकलं. सगळीकडून सारखाच आवाज येत होता, यावरून इंजिनमध्ये एकजूट आहे असं दिसलं.

मग पाण्याची टेस्ट. इंटरनेटवर सांगतात की चालू पट्ट्यावर थोडं पाणी मारायचं. आवाज कमी झाला तर एक कारण, वाढला तर दुसरं. मी मारलं. आवाज वाढला. आता वाढला म्हणजे कुठलं कारण, हे बघायला फोन काढायला वाकलो, तर गळ्यातली आयडी कार्डाची दोरी पुलीत गेली. दोरी तुटली म्हणून मी वाचलो. कार्ड आत जाऊन बाहेर आलं. फोटोतला मी आता अर्धाच आहे.

आबाजी कट्ट्यावर बसून बघत होते. म्हणाले, गळ्यात दावं बांधून मशिनीपाशी जाऊ न्हाई, एवढं आमच्या बैलालाबी कळायचं. मी बॉनेट खाली केलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

गेटवर सिक्युरिटीने अडवलं. म्हणतो, फोटो जुळत नाही. ज्या माणसाने त्याला कार्ड नीट तपासायला शिकवलं, तो मीच. अभिमान वाटला, पण उन्हात बराच वेळ उभं राहावं लागलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

सकाळच्या मीटिंगमध्ये केस स्टडी म्हणून विषय मांडला. गाडी कुणाची ते सांगितलं नाही. आवाज फोनवर ऐकवला. धम्मपाल, माझा असिस्टंट, लगेच म्हणाला, सर, बेल्ट. मागून तिघं-चौघं म्हणाले, बेल्ट. टी-बॉय ट्रे ठेवताना म्हणाला, बेल्ट आहे साहेब.

सगळ्यांना समजावलं की घाईने निष्कर्षावर उडी मारणं हा क्वालिटीतला सर्वात मोठा दोष. डेटा कुठे आहे? धम्मपालने विचारलं, सर, तुमच्या गाडीचा डेटा घेऊ का? माझी गाडी आहे हे त्याला कसं कळलं, याचा तपास करायला हवा.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

आज टाल्कम पावडर. घसरतं तिथे पावडर लावली की घसरत नाही, कॅरमला मात्र उलट, हे नंतर लक्षात आलं. योगिनीचा डबा होता. संपला. इंजिनला चमेलीचा वास येतो. आवाज आहे तसाच, पण सुगंधी.

योगिनीला डबा मिळेना. कस्तुराने माझ्याकडे बघितलं. मी दिव्यांची माळ सोडवायला गॅलरीत गेलो.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

प्रज्वल फराळाला आला. होणारे जावई. मुलगा गुणी. इंजिन टेस्टिंगच्या कंपनीत आहे, दिवसभर इंजिनांचे आवाज ऐकतो. मी मुद्दाम गाडीचा विषय काढला नव्हता. पण कस्तुराने त्याला खालीच नेलं. त्याने चालू केली, बंद केली. म्हणाला, काका, पट्ट्यावर काहीतरी चिकट लागलंय, पट्टा गुळगुळीत झालाय, बदलून टाका. मी हसून पाठ थोपटली. मुलगा चांगला आहे, पण अजून अनुभव कमी.

संध्याकाळी परत आला. हातात डबा. नवीन पट्टा! म्हणाला, बसवून देतो लगेच. म्हटलं, छे छे, जावयाला कामाला लावू? लोक काय म्हणतील? शिवाय पाडव्याची भेट. जावयाने दिलेली पहिली भेट वापरायची नसते, ठेवायची असते. शोकेसमध्ये त्याच्या आईने दिलेल्या सूट-पीसच्या शेजारी मांडली. छान दिसते. कस्तुरा कपाळाला हात लावून बसली होती, डोकं दुखत असेल.

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.

विजय! गंज सोडवायचा स्प्रे आणला. सगळ्या पुल्यांवर, पट्ट्यावर, आजूबाजूला, पूर्ण डबा. गाडी चालू केली. पूर्ण शांतता. मी बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. डोळ्यात पाणी आलं (स्प्रे). आबाजींना मुद्दाम हाक मारून ऐकायला लावलं. म्हणाले, व्हय, आवाज न्हाई. मग?

मग काय? यालाच डायग्नोसिस म्हणतात. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: ‘गाडीच्या आवाजाचा प्रश्न कायमस्वरूपी सोडवण्यात आला आहे. सहकार्याबद्दल आभार.’ सात अंगठे आले.

१ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आवाज परत आला. आधीपेक्षा मोठा. आता त्याला सूरही आहे.

ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला. ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे’ असं तिथे दिसतं. त्यालाही सात अंगठे.

९ नोव्हेंबर, रविवार.

मूळ कारण सापडेपर्यंत तात्पुरता उपाय करायचा, ही आमची पद्धत. तात्पुरता उपाय: म्युझिक सिस्टीम. ढोल-ताशा लावला की आवाज ऐकू येत नाही. काचा बंद केल्या तर मला अजिबात येत नाही. बाहेर येतो, पण बाहेरचे लोक आपले ग्राहक नाहीत.

भोसरीच्या सिग्नलला शेअर रिक्षावाल्याने डोकं आत घालून विचारलं, काका, वरात कुठं चालली?

१६ नोव्हेंबर, रविवार. केळवण.

आज वाईट दिवस.

योगिनीला ट्रायल म्हणून गाडीत बसवलं. दोघंच. अजेंडा बाहेर काढायचा नव्हता, फक्त सीटची सवय. चालू केली तर तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. नंतर हात काढून, मला वाईट वाटू नये म्हणून मांडीवर ठेवले. पण मी बघितलं होतं. सोसायटीच्या गेटपर्यंत गेलो. ती हळूच म्हणाली, पप्पा, आपण सगळे बसनेच गेलो तर चालेल का?

म्हटलं, बघू.

घरी आल्यावर कस्तुराने निकाल दिला. पुढच्या रविवारपर्यंत आवाज गेला नाही तर नवरी बसने, करवलीसोबत, रीतसर. लग्नघरातून किंचाळत निघालेलं तिला चालणार नाही. आणि म्हणाली, पट्टा शोकेसमध्ये पडलाय, बसवा. मी म्हटलं, आता पट्टा बसवला आणि आवाज गेला, तर माझा दीड महिन्याचा अभ्यास वाया गेला नाही का? ती उठून स्वयंपाकघरात गेली. मुद्दा पटला असावा.

पण मला बसने जायचं नाही. बसमध्ये तिच्या एका बाजूला मावशी असेल, दुसऱ्या बाजूला करवली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, हिशेबाला आणि नारळाच्या पोत्याला. मग मुद्दा दोन कधी सांगायचा? पाठवणीच्या वेळी? तेव्हा बँडवाले असतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

मोठा शोध. आवाज सकाळी गार असताना जास्त. इंजिन तापलं की कमी. म्हणजे बिघाड नाहीच. गाडीला सकाळी उठायचा कंटाळा आहे, एवढंच. योगिनीचंही तसंच आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार.

पास!

सगळे झोपेत असताना गाडी ढकलत गेटबाहेर नेली, वॉचमनने मागून जोर लावला. स्पाइन रोडला दोन फेऱ्या मारून चांगली तापवली. घरची जाड सोलापुरी चादर बॉनेटवर टाकून आणली. मग कस्तुराला बोलावलं. चालू केली. गप्प. अगदी नवरीसारखी. कस्तुराने बॉनेटला हात लावला आणि म्हणाली, गरम का लागतंय? म्हटलं, ऊन. तिने वर बघितलं. ढग होते. पण कबूल केलं. योगिनी आणि मी, या गाडीने. योगिनीही म्हणाली, पप्पा, मस्त झाली. मला म्हणाली. डायरेक्ट.

क्वालिटीत तीस टक्के ज्ञान लागतं, सत्तर टक्के प्रेझेंटेशन.

२९ नोव्हेंबर, शनिवार. हळदीनंतर.

अजेंडा नव्या कोटाच्या खिशात. मुद्दा तीन अजून ठरला नाही. ‘जपून राहा’ लिहिलं होतं, खोडलं. साधं वाटतं.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

गाडी तापवून ठेवली. झेंडूचे हार लावले. कोटात घाम येतोय. योगिनी शालूत आली आणि मला ओळखूच आली नाही. कस्तुराने तिची मुंडावळी सारखी केली, मग माझा टाय. निघतो. बस मागून येतेय.

३० नोव्हेंबर. राजगुरुनगर. कार्यालयातली पाहुण्यांची खोली. हात धुऊन.

क्रमाने लिहितो.

मोशीतून निघालो ते गप्प. गाडीही गप्प. मी ठरवलं होतं, टोलनाका जिथे होता तिथे मुद्दा एक, चाकणच्या अलीकडे मुद्दा दोन. टोलनाक्याला एक ट्रक आडवा आला म्हणून राहिलं. कुरुळीला म्हणणार, तेवढ्यात तिला फोन. चाकणच्या अलीकडे घसा साफ केला. ‘योगिनी’ म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं. आणि गाडी किंचाळली. तशी आजवर कधी ओरडली नव्हती. मग फट् असा आवाज. मग शांतता. स्टिअरिंग दगडासारखं झालं, बॅटरीचा दिवा लागला, काटा लाल पट्टीत आणि बॉनेटमधून वाफ.

पट्टा तुटला.

नवा पट्टा घरी. शोकेसमध्ये.

गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंनी कंटेनर. शालू सांभाळत योगिनी दारात बसून राहिली. दुचाकीवाले थांबून बघायचे, एकाने शुभेच्छाही दिल्या. बस मागे ट्रॅफिकमध्ये कुठेतरी. म्हणजे हवा होता तो वेळ मिळाला होता. आम्ही दोघंच. फोन नाही, मावशी नाही, गाडीचा आवाजसुद्धा नाही. भरपूर वेळ.

मी तिला पट्टा म्हणजे काय ते सांगितलं. मग पुली. मग पट्टा ताणून धरणारा टेन्शनर. हा पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही, म्हणून सगळं एकदम गेलं, हे चित्र काढून दाखवलं. चित्र अजेंड्याच्या मागे काढलं. मग व्हाय-व्हाय ॲनॅलिसिस समजावलं, चारही का. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्येच विचारलं, पप्पा, तुम्ही मघाशी माझं नाव घेतलंत, काही म्हणायचं होतं का? मी म्हटलं, हो. पट्टा पहिल्याच दिवशी बदलायला हवा होता.

ती म्हणाली, माहितीये पप्पा. सगळ्यांनाच माहिती होतं.

आणि तेवढ्यात बस आली. सगळं वऱ्हाड खिडक्यांना. कस्तुरा उतरली. मला एक शब्द बोलली नाही, हे मी कधीच विसरणार नाही. योगिनीचा हात धरून वर नेली. नवरी बसने गेली, करवलीसोबत, रीतसर.

मी क्रेनची वाट बघत थांबलो. क्रेनवाला म्हणाला, राजगुरुनगरलाच जातोय, बसा. केबिनमध्ये बसलो. मागे लाल गाडी लोंबकळत, हारांसकट. कार्यालयाच्या दारात पोचलो तर बँडवाल्यांना वाटलं नवरदेवच आला, त्यांनी जोरात वाजवायला घेतलं. लोक बाहेर आले. प्रज्वलच्या आईने तर ओवाळायचं ताट उचललं होतं.

गाडी क्रेनवरून उतरवून होईपर्यंत आत मंगलाष्टकं सुरू झाली होती. शेवटच्या ‘सावधान’ला मी आत शिरलो. कन्यादानाला हजर होतो, हे नोंदवून ठेवतो. हाताला ग्रीस होतं. योगिनीच्या हातावरच्या मेंदीत ते दिसलं नाही, पण प्रज्वलच्या शेरवानीला लागलं. त्याने उपरणं पुढे ओढून डाग झाकला. खरंच गुणी मुलगा.

पाठवणीला मुद्दा दोन सांगायला पुढे झालो होतो. बँड होता.

१ डिसेंबर, सोमवार.

घर फार शांत. कस्तुरा म्हणाली, जेवा. मी जेवलो. आता निरोप कुणामार्फत द्यायचे?

३ डिसेंबर, बुधवार.

गाडी भोसरीच्या गॅरेजमधून आली. प्रज्वलनेच दिलेला पट्टा बसवला. चहा येईपर्यंत झालं. आवाज गेला.

गॅरेजचा रिपोर्ट: जुन्या पट्ट्यावर तेल, कुंकू आणि खोबऱ्याचे तुकडे. त्यामुळे पट्टा घसरून गुळगुळीत झाला होता. कस्तुराने रिपोर्ट मोठ्याने वाचला, दोनदा. मी स्पष्ट सांगितलं, कुंकू माझं असेल, खोबरंही असेल. पण तेल माझं नाही. मी साजूक तूप लावलं होतं. म्हणजे तेल लावणारा दुसराच कुणीतरी. पाचवा का अजून बाकी आहे.

७ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ.

आज मांडवपरतणी. योगिनी आणि प्रज्वल जेवायला आले होते. जेवण झाल्यावर प्रज्वल कस्तुराला फोटो दाखवत बसला. मी संधी साधली. योगिनीला म्हटलं, चल, एक चक्कर मारू.

गाडी चालू केली. काहीच आवाज नाही. इतकी शांत की मलाच खोकावंसं वाटलं. आधी निदान बोलायला विषय तरी होता. जाधववाडीपर्यंत कुणी बोललं नाही. ती बाहेर बघत होती. बारीक झालीय, की साडीमुळे वाटतं? वळताना ठरवलं, आता बोलायचंच. तोंड उघडलं आणि म्हणालो, तुझ्या सासरी पाण्याचा पंप कुठला आहे?

ती म्हणाली, माहीत नाही पप्पा. का?

म्हटलं, पंप बिघडतात. बिघडला तर मला फोन कर. पंपच असं नाही. गिझर, मिक्सर, काहीही. दिवस-रात्र बघू नको. मी लगेच न्यायला येईन. म्हणजे बघायला येईन. कसा बिघडला, कुणी बिघडवला, काही विचारणार नाही. नाहीतर फोनही करू नको, पंप तिथेच सोड आणि सरळ निघून ये. घरी कुणी का म्हणून विचारणार नाही. एकदाही नाही.

 तिने पदर डोळ्यांना लावला. मग गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, पंप चांगला आहे हो पप्पा. पण लागलंच तर येईन.

पंपाच्या विषयावर ही पोरगी एवढी हळवी होईल असं वाटलं नव्हतं. बोलावं तरी कशावर! मलाही एसीची हवा डोळ्यांत गेली, दिसेना, गाडी कडेला घ्यावी लागली. 

घरी आल्यावर ती आईला काहीतरी सांगत होती, मग दोघी माझ्याकडे बघून रडत-हसत होत्या. पंपाचंच असणार.

आत्ता कोट कपाटात ठेवताना अजेंडा सापडला. मुद्दा एक राहिला. मुद्दा दोनही राहिला. सगळी चक्कर पंपातच गेली.